चार प्रश्न विचारता, पाचवाही विचारा : एआरटीवरच्या बायकांच्या कॅन्सर तपासणीसाठी खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, वडाळा, मुंबई

स.न.वि.वि.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्ध्यावर बाजूला ठेवलंत तरी काम भागेल. एआरटी म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या. एआरटी केंद्रात त्या न्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईची, ती पंचवीस वर्षांची झाली की, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी व्हावी. त्याच दिवशी, त्याच आवारात. चिठ्ठी लिहून दुसरीकडे पाठवलं म्हणजे तपासणी झाली असं धरू नये.

मी धाराशिव जिल्ह्यातली. बारावीपर्यंत शिकलेली, स्वतः एआरटीवर असलेली. नव्याने गोळ्या सुरू झालेल्या बायकांबरोबर केंद्रात जाऊन बसायचं, त्यांना धीर द्यायचा, हे काम आमच्या मंडळामार्फत करते. डॉक्टर नाही, पण रांगेत बसून जे कळतं ते फायलीत येत नाही, आणि इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्यावर माणूस आपल्या दुखण्याबद्दल थोडंफार वाचतोच.

एप्रिल २००४ मध्ये सरकारने देशातल्या आठ रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू केली. मुंबईचं जे. जे. त्यांतलं एक. त्याआधी आमच्यासारख्यांना औषध म्हणजे टीबीची गोळी आणि देवाचं नाव. आज रोज एक गोळी. टेनोफोविर, लॅमिव्हुडीन, डोलुटेग्रॅविर तिन्ही त्या एकीत. ज्यांना 'दोन वर्षं काढेल' म्हणून सांगितलं होतं त्या बायका आज सुना आणताहेत, नातवंडं खेळवताहेत. याचं श्रेय तुमच्या खात्याला आहे आणि ते मी मोकळ्या मनाने देते. पण जी बाई चाळिशी-पन्नाशी गाठते, तिला त्या वयाचे आजारही गाठतात. त्यातला कॅन्सर आम्हाला इतरांपेक्षा जास्त गाठतो. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांच्या साधारण सहापट आहे. हा जागतिक पातळीवरचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तुमच्याकडे तो नक्की पोचला असणार.

एक गैरसमज इथेच मोडते, कारण हे पत्र आमच्या बायकाही वाचतील. 'गोळ्यांनीच कॅन्सर होतो' असं रांगेत कुजबुजतात. ते खोटं आहे. उलट २०१५ साली 'स्टार्ट' नावाच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की ज्यांनी सीडीफोर, म्हणजे अंगातल्या प्रतिकारशक्तीचा आकडा, चांगला असतानाच गोळ्या सुरू केल्या त्यांच्यात १४ जणांना कॅन्सर झाला, आणि ज्यांना थांबवून ठेवलं होतं त्यांच्यात ३९ जणांना. तेव्हा गोळी बंद करायची नाही, आणि कॅन्सर झाला तरी बंद करायची नाही.

पण याच अभ्यासातून आमच्या पिढीचा हिशेबही निघतो. २००४ चा नियम असा होता की सीडीफोर दोनशेच्या खाली गेल्याशिवाय गोळ्या नाहीत. मग हा आकडा हळूहळू वर चढत गेला, आणि सापडला की लगेच औषध हे धोरण आलं २०१७ मध्ये. तोवर आम्ही वाट पाहिली. तेव्हा पैसे कमी होते, औषधं कमी होती, जगभर हेच चाललं होतं. त्याचा राग धरून बसलेले नाही. मात्र ज्या वर्षांत अंगातली ताकद ढासळलेली होती, त्याच वर्षांत एचपीव्ही हा दुसरा विषाणू गर्भपिशवीच्या तोंडाशी निवांत बसून राहिला. चांगली प्रतिकारशक्ती असलेल्या बाईत त्याचा कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं जातात. एचआयव्हीवर उपचार नसलेल्या, ताकद खालावलेल्या बाईत पाच ते दहा. पुढे गोळ्यांनी सीडीफोर वर आला, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, 'आढळला नाही' असा रिपोर्ट आला, पेढे वाटले. खाली जे बदलून बसलं होतं ते मात्र तसंच राहिलेलं असू शकतं. ज्यांना सरकारी नियमाने थांबवलं त्या बायका आज बरोबर त्या वयात आहेत. त्यांचा नंबर आधी लागायला हवा.

२००८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. हॅराल्ड झुर हाउझेन यांना एचपीव्हीमुळे हा कॅन्सर होतो हे दाखवल्याबद्दल, आणि फ्रान्स्वाज बारे-सिनुसी व ल्यूक मोंतान्ये यांना एचआयव्ही शोधल्याबद्दल. स्टॉकहोमला दोन्ही विषाणू एका मंचावर आले. आमच्या जिल्ह्यात अजून एक विषाणू एका कार्यक्रमाकडे आणि दुसरा दुसऱ्या कार्यक्रमाकडे. एड्सवाले म्हणतात कॅन्सरची तपासणी असंसर्गजन्य रोगांच्या विभागाकडे. तो विभाग म्हणतो आमची तपासणी तिसाव्या वर्षापासून पुढच्या बायकांची, आणि 'तुमची केस' एआरटीची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच स्पष्ट केलंय की एचआयव्ही असलेल्या बाईची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी व्हावी. म्हणजे पंचवीस ते एकोणतीसच्या आमच्या पोरी कुणाच्याच यादीत नाहीत.

आता जे सांगते त्याचा मला अभिमानही आहे आणि रागही. या तपासणीचा जगातला सगळ्यात भक्कम पुरावा आमच्याच जिल्ह्यातून गेला. उस्मानाबाद म्हणत तेव्हा. १९९९ पासून पुढे काही वर्षं बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाची आणि मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाची माणसं गावोगाव फिरली. १,३१,७४६ बायका त्या अभ्यासात होत्या, वय तीस ते एकोणसाठ. माझ्या सासूबाई त्यातल्याच. नऊवारीचा काष्टा सोडून परक्या बाईपुढे टेबलावर झोपायचं म्हणून आदल्या रात्री जेवल्या नव्हत्या. परत आल्या आणि 'काही दुखलं नाही गं' म्हणत भाकरी थापायला बसल्या. २००९ मध्ये निकाल छापून आला तेव्हा जगाला कळलं की आयुष्यात एकदा जरी एचपीव्हीची तपासणी केली, तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. त्या अभ्यासात एका गटाची तपासणी केलीच नव्हती, त्यावरून पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटानेच दीड लाख बायकांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात तर दहावी शिकलेल्या मुलींना शिकवून पातळ ॲसेटिक ॲसिड लावायची साधी तपासणी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आज आफ्रिकेतले देश ज्या पुराव्यावर एचआयव्ही असलेल्या बायकांसाठी कार्यक्रम आखतात, त्यात कळंब-भूमच्या बायका आहेत. आणि कळंब-भूमची एआरटीवरची बाई गोळ्यांची पिशवी घेऊन तपासणीशिवाय घरी जाते.

तपासणी मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, हे मला ठाऊक आहे. कागद कमी नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या दोन टक्केही भरल्या नाहीत. कागद तेव्हाही होते. देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि ८० हजारांच्या घरात मरतात.

केंद्रात काय होतं ते बघा. सकाळी नऊला रांग. एआरटीचं हिरवं पुस्तक खिडकीत ठेवायचं. नाव पुकारत नाहीत, नंबर पुकारतात, ते चांगलं आहे. वजन. मग सिस्टर उरलेल्या गोळ्या मोजते आणि पुस्तकातून मान वर न करता विचारते, 'खोकला? ताप? वजन कमी? रात्री घाम?' चारही प्रश्न एका दमात. आमच्या बायकांना ते इतके पाठ झालेत की प्रश्न संपायच्या आत चार वेळा 'नाही' म्हणून मोकळ्या होतात. कुणाला हे यांत्रिक वाटेल. पण याच चार प्रश्नांनी आमच्यातल्या कितीजणींचा टीबी वेळेत सापडला ते मी पाहिलंय. सवय लागली म्हणून जीव वाचले. म्हणून म्हणते, बाईला पाचवा प्रश्न विचारा : 'गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी कधी झाली?' आणि उत्तर 'कधीच नाही' आलं, तर शेजारच्या खोलीत पाठवा. पाळी सोडून रक्त जातं का, संबंधानंतर जातं का, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलं का, हेही विचाराच; पण रक्त दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. खरी किंमत काही त्रास नसताना केलेल्या तपासणीला.

आमच्या मंडळातली एक ताई. वीटभट्टीवर काम करायची, एकही डोस चुकवलेला नाही, व्हायरल लोड कायम आढळत नाही. अंगावरून पांढरं जायचं, मग लालसर, मग वास. एके ठिकाणी सांगितलं, 'एआरटीच्या गोळ्या गरम पडतात तुम्हाला, ताक प्या.' दुसऱ्या ठिकाणी टेबलावर घ्यायच्या आधी पुस्तक पाहिलं आणि 'पुढच्या आठवड्यात या' झालं. पुढचा आठवडा तीनदा आला. बायॉप्सी झाली तेव्हा तिसरी स्टेज. शेकायला नेली, केमो दिली. तिथे कॅन्सरच्या डॉक्टरांना कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगणारं कुणी नव्हतं. गोळीतलं टेनोफोविर आणि केमोतलं सिस्प्लॅटिन दोन्ही मूत्रपिंडावर येतात, क्रिएटिनिनवर लक्ष ठेवावं लागतं, हे तिच्या मुलाने इंटरनेटवर वाचून विचारलं. ती गेली. तिच्या एआरटीच्या कागदांवर शेवटपर्यंत 'उपचार उत्तम' असंच होतं, आणि ते खरंही होतं.

याच्या उलट टोकाला आमच्या भागात दुसराच धंदा चालतो. पांढरं जातंय म्हणून बाई खासगीत गेली की 'कॅन्सर होईल' म्हणून भीती घालून पिशवीच काढतात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचा हा प्रश्न विधिमंडळात गाजला, समिती बसली. तिथे कॅन्सरच्या नावाने पिशव्या गेल्या, आणि कॅन्सरची साधी तपासणी कितीजणींची आधी झाली होती ते विचारा. आमच्या बायकांतही पिशवी काढलेल्या पुष्कळ आहेत, आणि 'पिशवीच नाही, आता मला काय होणार' असं म्हणून बसतात. ज्यांची पिशवी कॅन्सरच्या आधीच्या खराबीमुळे काढली त्यांची तपासणी पुढेही लागते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

खर्चाचं म्हणाल, तर यंत्र तुमच्याकडे आहे. टीबीच्या तपासणीसाठी तालुक्या-तालुक्याला ट्रूनॅट यंत्र दिलंत, ते गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. त्याच यंत्रावर चालणारी एचपीव्हीची चिपही निघाली आहे. टीबीच्याच सीबीनॅट यंत्रावरही एचपीव्हीची तपासणी होते. म्हणजे नवी प्रयोगशाळा बांधायची नाही, चिप विकत घ्यायची आणि टीबीच्या लोकांना सांगायचं की दिवसातून थोडा वेळ आमच्या नमुन्यांना द्या. नमुना बाई स्वतःच घेऊ शकते. पडद्याआड जाऊन, ब्रशसारखी काडी आत फिरवून नळीत टाकायची. टेबल नको, पुरुष डॉक्टर नको, काष्टा सोडायची लाज नको. गावात यावर बोलले तेव्हा बायका आधी हसल्या, मग म्हणाल्या, एवढंच असेल तर करू की.

एक सावधगिरी. आमच्यात एचपीव्ही पॉझिटिव्ह निघणाऱ्या बायका जास्त असणार. म्हणून रिपोर्ट हातात देऊन कुणालाही 'कॅन्सरचा व्हायरस सापडला' म्हणून घरी पाठवू नका. एक पॉझिटिव्ह आधीच पदरात आहे, दुसरं असं ऐकून बाई विहीर जवळ करेल. ज्यांच्यात सापडला त्यांना दुसऱ्या तपासणीने पारखायचं, आणि खराबी दिसली तर थर्मल ॲब्लेशनने तिथेच जाळून टाकायची. ते यंत्र बॅटरीवर चालतं, पिशवीत मावतं, मिनिटभराचं काम. वर्षाने पुन्हा बोलवायचं. हे समजावून सांगायला समुपदेशक लागतो, आणि तुमच्या एआरटी केंद्रात तो बसलेलाच आहे. इतर बहुतेक ओपीडींत ही सोय नसते. आमच्या मुलींना एचपीव्हीची लसही हवी. ती पुण्यातच बनते, सिरमची, आणि एचआयव्ही असलेल्या मुलीला शक्यतो तीन डोस द्यावेत असा सल्ला आहे. जन्मतः एचआयव्ही आलेल्या पोरी आता कॉलेजात आहेत. त्यांच्यासाठी वेगळी मोहीम काढा.

पुरुषांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्याकडून बोलायला त्यांचं मंडळ आहे. मानेत गाठ आली की आपल्याकडे सरळ टीबीची औषधं चालू होतात, आणि बहुतेकदा टीबीच असतो. पण एचआयव्हीत लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, हाही तसाच दिसतो. दोन-अडीच महिने टीबीच्या गोळ्या घेऊनही गाठ वाढत असेल तर नुसत्या सुईच्या तपासणीवर थांबू नका, बायॉप्सी करा. समलिंगी पुरुष आणि हिजडा समाजातल्यांना गुदद्वाराच्या कॅन्सरचा धोका फार मोठा, आणि तोही एचपीव्हीचाच. त्याची खराबी आधी शोधून काढली तर कॅन्सर निम्म्याहून कमी होतो हे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवलं. आपल्याकडे तो विषय काढायलाच सगळे लाजतात. आणि तंबाखू. पुरुषांची बिडी-गुटखा सगळ्यांना दिसतो, बायकांची मिसरी दिसत नाही. सकाळी तव्यावर भाजलेली मिसरी लावल्याशिवाय आमच्या निम्म्या बायकांना गोळी गिळत नाही. सिस्टरने वजन घेतानाच तोंड उघडायला लावलं आणि टॉर्च मारला, तर तोंडाच्या कॅन्सरच्या आधीचा पांढरा चट्टा असला तर दिसेल. त्याला चिप नको, काही नको.

मग उरतं ते वागणुकीचं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार नाकारणं, टाळणं, माहिती फोडणं सगळं त्यात गुन्ह्याच्या किंवा तक्रारीच्या कक्षेत येतं. राज्याने लोकपाल नेमायचा आहे. पण ज्या बाईने नवऱ्याच्या भावकीलाही सांगितलेलं नाही ती लोकपालाकडे काय जाणार? तपासणी एआरटी केंद्रातच ठेवा असं मी म्हणते ते यासाठीच. तिथे पुस्तक दाखवून कुणी दचकत नाही. पुढच्या उपचाराला पाठवाल तेव्हा बाईच्या हातात नुसती चिठ्ठी देऊ नका; फोन करून तारीख घ्या, बरोबर माणूस द्या. एचआयव्ही असलेल्यांना आधार देणाऱ्या विहान केंद्रातल्या बायका जातील, आम्ही जाऊ, एसटीचं भाडं द्या. जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, पण एआरटीच्या फायलीतून त्या योजनेच्या फायलीत जाताना बाई मधेच गळते.

हे मानायचं असेल तर एक काम करा. प्रत्येक एआरटी केंद्राने दर तीन महिन्यांनी चार आकडे बाहेर लावावेत : पंचविशीच्या पुढच्या किती बायका नोंदलेल्या, कितीजणींची तपासणी झाली, किती पॉझिटिव्ह निघाल्या, त्यांतल्या कितीजणींवर उपचार पुरा झाला. चौथ्या आकड्यावर केंद्राचं काम मोजा. व्हायरल लोडचे आकडे तुम्ही दर बैठकीत विचारता म्हणून ते सुधारले, हाही सुधारेल.

उत्तर द्याल अशी आशा आहे. घरच्या पत्त्यावर पाठवू नका, आमच्यातल्या बहुतेकींच्या घरी असं पत्र आलेलं चालत नाही. केंद्राच्या नोटीस बोर्डावर लावा, गोळ्या न्यायला येऊ तेव्हा वाचू.

आपली,
एआरटीवरची एक बाई
धाराशिव जिल्हा